हात धुणारी ताईबाई

ताईबाईची धाकटी जाऊ बाळंतरोगाने गेली. तिचं बाळंतपण सासूनेच केलं होतं.

सासू कुंदाबाई ही दोंडाईच्यातली नावाजलेली सुईण. न्हाव्याचं घर, पुरुषांनी वस्तरा चालवायचा, बायकांनी बाळंतपणं करायची, असं पिढ्यांचं चालत आलेलं. पाटलांच्या, गुजरांच्या, वाण्यांच्या घरी कुणाचंही पोट दुखायला लागलं की पहिला निरोप कुंदाबाईला यायचा. तिच्या हाताला यश आहे असं सगळे म्हणत. पण घरचीच सून तापाने फणफणून, बडबडत, पोटाला कुणाला हात लावू न देता गेली, आणि तेव्हापासून कुंदाबाई चुलीपुढे तासन्‌तास बसून राहू लागली. आल्यागेल्याला सांगायची, "भायेरनं कायतरी लागनं तिले." ताईबाई तिथेच भाकरी थापत असायची. जावेचं अंग तिने पुसलं होतं, तिची लुगडी नदीवर तिने धुतली होती. तो वास तिच्या नाकातून जात नव्हता.

हे साधारण एकोणीसशे बत्तीस सालातलं. त्याच वर्षी लोकल बोर्डाने सुइणींना शिकवायचं ठरवलं. बाजारपेठेत डॉक्टर रुपचंद यांचा छोटा दवाखाना होता. ते स्वतः पुनाच्या दुकानात दाढी करायला आले असताना म्हणाले, "पुना, तुझ्या आईला आता शिकणं व्हायचं नाही. बायकोला पाठव. धुळ्याला राहायची सोय आहे, जेवण आहे."

पुना हा ताईबाईचा नवरा. मऊ स्वभावाचा, कुणाला नाही म्हणता न येणारा माणूस. घरी येऊन त्याने विषय काढला तो भीतभीतच. "जाशी तर जाय. पन छगनकडे कोन दखी?" छगन त्यांचा मुलगा, तेव्हा तीन-चार वर्षांचा.

चुलीपुढून कुंदाबाई म्हणाली, "मी दखसू."

एवढंच. शिकायला जा असं ती कधी म्हणाली नाही, आणि जाऊ नको असंही म्हणाली नाही.

धुळ्याला देवपूरच्या बाजूला एक लहानसं प्रसूतिगृह होतं. तिथे डॉक्टर प्रमिलाबाई शिकवायच्या. उंच, सावळ्या, भराभर चालणाऱ्या, भराभर बोलणाऱ्या. पश्चिम खानदेशातून आलेल्या सगळ्या सुइणींना त्यांनी पहिल्याच दिवशी ओळीत उभं केलं आणि म्हणाल्या, "बाळंतिणीला ताप भुताचा येत नाही. दृष्टीचा येत नाही. तो आपण नेतो. आपल्या नखांत बसून तो तिच्या पोटात जातो."

इतर बायका एकमेकींकडे बघून हसल्या. ताईबाई हसली नाही. तिला जाऊ आठवली, आणि सासूची ती काळी, राबलेली नखं आठवली.

त्या दिवसापासून ताईबाई हात धुवायला लागली ती अशी, की बघणाऱ्याला वाटावं हिला कुणी शिक्षा दिली आहे. सोसवेल तितकं कढत पाणी, कोपरापर्यंत कार्बोलिक साबण, नखांना ताठ केसांचा ब्रश, आणि शेवटी कार्बोलिकच्या, म्हणजे जंतू मारणाऱ्या औषधाच्या, पाण्यात हात बुडवून ठेवायचे. प्रमिलाबाई इतर बायकांना तिच्याकडे बोट दाखवून सांगत, "असं धुवायचं."

शिकून ती दोंडाईच्याला आली. पत्र्याची पेटी, तिच्यात कात्री, दोरा, साबण, ब्रश, कार्बोलिकची बाटली. सुरुवातीला बायकांनी तिची थट्टा केली. कुणीतरी म्हणालं, "तू हात धुशी तवलगून पोर बाहेर ई जाई!" ताईबाई हसून घ्यायची, पण धुणं एका चुळकाभर पाण्याने कमी करायची नाही. चूल पेटवून पाणी उकळल्याशिवाय ती बाळंतिणीला शिवायची नाही, मग घरच्या म्हाताऱ्या कितीही ओरडोत. आणि तिच्या हातून बाळंत झालेल्या बायका तापाने पडेनाशा झाल्या. गावाला हे कळायला वेळ लागला, पण कळलं. शिंदखेड्याच्या बाजूने, तापीकाठच्या खेड्यांतून बैलगाड्या तिला न्यायला यायला लागल्या. पुनाच्या दुकानात गिऱ्हाईक बसलं की म्हणायचं, "तुनी बाई हात धुवस म्हने." पुना खूश व्हायचा.

हात उलायला लागले ते दुसऱ्या हिवाळ्यात.

खानदेशातली थंडी कोरडी. ओठ फुटतात, टाचा फुटतात, त्याचं कुणाला काही वाटत नाही. ताईबाईच्या बोटांच्या बेचक्यांत आधी मोहरीएवढे पाण्याचे फोड आले. त्यांना खाज अशी सुटायची की ती भिंतीच्या खरबरीत कोपऱ्यावर हात घासायची. मग ते फुटले, लस वाहायला लागली, कातडी लाल होऊन जाड झाली आणि सांध्यांवर उभ्या चिरा पडल्या. लहानपणी तिच्या कोपराच्या आणि गुडघ्याच्या लवणीत अशीच खाज असायची. आई तिथे लोणी लावायची. मोठी झाल्यावर ती खाज गेली, आणि ताईबाई ती विसरूनही गेली होती.

आता आठवायला वेळ नव्हता. रोज कुठे ना कुठे बोलावणं असायचं. कार्बोलिकचं पाणी चिरांत शिरलं की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. तरी ती हात बुडवायची, कारण न बुडवले तर काय होतं ते तिने घरात पाहिलं होतं.

कुंदाबाईने तिचे हात पाहिले तेव्हा ती उठून बिब्बा घेऊन आली. टाचांच्या भेगांना बिब्ब्याचं तेल लावायची रीत होती, ते तिने सुनेच्या बोटांना लावलं. दुसऱ्या दिवशी हात कोपरापर्यंत सुजले. कुंदाबाई घाबरली आणि परत कधी त्या हातांबद्दल बोलली नाही.

ताईबाई डॉक्टर रुपचंदांकडे गेली. ते भले गृहस्थ. गरिबाला कधी परत पाठवलं नाही त्यांनी. पण दवाखान्यात हिवतापाचे, जुलाबाचे, सर्पदंशाचे रोगी एवढे, की खाजेला त्यांच्याकडे एकच उत्तर होतं. त्यांनी लांबूनच हात पाहिले. "खरूज आहे. पोराबाळांच्या घरात जातेस, कुठूनतरी लागली. गंधकाचं मलम देतो. आणि हात स्वच्छ ठेव, अजून धू."

गंधकाने आग झाली. ताईबाई परत गेली, त्यांनी जास्त कडक मलम दिलं. आग वाढली, तिने हात जास्त धुतले. असा तो हिवाळा गेला, उन्हाळ्यात जरा बरं वाटलं, आणि पुढच्या थंडीत सगळं दुप्पट होऊन परत आलं. पेठेत मिरच्यांचे ढीग पडायचे दिवस होते. एरवी मोसमात ती मिरच्यांचे देठ खुडायला जायची. त्या वर्षी तिने एकदाच मिरचीला हात लावला आणि घरी येऊन ताकाच्या भांड्यात हात घालून बसून राहिली.

आता ती पदराखाली हात ठेवून हिंडायला लागली.

तापीकडच्या एका खेड्यात झुलाल पाटील म्हणून मोठे शेतकरी होते. लोक त्यांना आबा म्हणत. त्यांची सून केसर पहिलटकरीण. आबांनी मुद्दाम गाडी पाठवून ताईबाईला नेलं. सकाळची वेळ होती. परसात पाणी तापवून ताईबाईने हात धुतले तेव्हा तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. केसरची सासू बघत होती. तिला वाटलं, ही बाई हळवी आहे.

केसर धीराची होती. ओरडली नाही. कळ आली की ताईबाईचा हात घट्ट धरायची. एका कळेच्या वेळी तिने तो असा आवळला की करंगळीच्या मुळाशी चीर पडून रक्त आलं.

"मावशी," केसर धापा टाकत म्हणाली, "तुमना हातमाईन रगत निंघी ऱ्हायनं."

"कायी नई माय. तू जोर कर."

ताईबाईने हात पुसला, परत कार्बोलिकमध्ये बुडवला आणि कामाला लागली. दुपार व्हायच्या आत मुलगी झाली. रडली, प्यायली. आबांनी गूळ वाटला.

चार-दोन दिवसांनी केसरला हुडहुडी भरून ताप आला. ताईबाईला निरोप आला तेव्हा ती धावत गेली. दारातूनच तिला तो वास आला. ती उंबऱ्यात उभी राहिली, तिला आत पाऊल टाकवेना. डॉक्टर रुपचंदांना आणलं, त्यांनी औषधं दिली. पण त्या काळात त्या तापावर औषध म्हणजे नुसतं समाधान. केसर गेली.

तिच्या सासूने मग ते रक्ताचं सांगितलं. हात कसे होते ते सांगितलं. गावोगाव एकच झालं: ताईबाईला रक्तपिती आहे. महारोग. तो लपवून ती बाळंतपणं करते.

यानंतरचे दिवस ताईबाईने कसे काढले ते तिने कुणाला फारसं सांगितलं नाही, पण दिसत होतंच. विहिरीवर ती गेली की बायका घागरी उचलून बाजूला व्हायच्या. छगनला शाळेत वेगळं बसवलं. पुनाच्या दुकानात कुणी येईना. ज्याच्या घरात महारोग त्याच्या वस्तऱ्याखाली गळा कोण देईल? तो रिकाम्या दुकानात वस्तरा परजत बसायचा.

एका दुपारी ताईबाई ओसरीवर डोळा लागून पडली होती. अचानक बोटात कळ गेली आणि ती किंचाळून उठली. समोर पुना. त्याच्या हातात बाभळीचा काटा.

"दुखनं ना?" तो विचारत होता, "दुखनं ना तुले? खरं सांग!"

तिला आधी काही कळेना. मग कळलं. महारोग्याला टोचलेलं समजत नाही, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं.

"दुखनं," ती म्हणाली.

पुना तिथेच खाली बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. ताईबाईला त्याचा राग यायला हवा होता. पण तिने त्याच्या हातातला काटा काढून घेतला आणि अंगणात टाकला. नंतर ती म्हणायची, तो काटा टोचला नसता तर मीही धरून चालले होते की मला तेच झालंय.

दुसऱ्या दिवशी पुना तिला घेऊन डॉक्टर रुपचंदांकडे गेला. त्यांनी आता तिला उजेडात बसवलं. टाचणी टोचून पाहिली, पिसाने स्पर्श करून पाहिला, कोपराच्या नसा चाचपल्या, कान पाहिले. "महारोग नाही," ते म्हणाले. दवाखान्याच्या पायरीवर येऊन त्यांनी बाहेरच्या लोकांना ऐकू जाईल असं परत सांगितलं, "हिला महारोग नाही!"

गर्दीतून सुपडू तेली म्हणाला, "मंग काय शे, डॉक्टरसाहेब?"

डॉक्टर रुपचंद मागे वळले. आत येऊन खुर्चीवर बसले. "ताईबाई," ते म्हणाले, "मी तुला खरजेचं औषध देत आलो. खरूज असती तर घरातल्या सगळ्यांना लागली असती, हे माझ्या कधी डोक्यात आलं नाही. हे काय आहे ते मला माहीत नाही. उद्या सर्व्हिस मोटारने धुळ्याला जाऊ. मी येतो."

प्रमिलाबाईंनी ताईबाईला ओळखलं. मग हात पाहिले, आणि त्यांचं भराभर बोलणं थांबलं. दोन्ही हात आपल्या हातांत घेऊन त्या खिडकीशी गेल्या. किती वर्षं, कधी वाढतं, कधी कमी होतं, काय काय लावलं, सगळं विचारलं. लहानपणाचं विचारलं तेव्हा ताईबाईला कोपराची ती खाज आठवली.

"हा इसब आहे," प्रमिलाबाई म्हणाल्या. "तुझी कातडी जन्माचीच नाजूक. तिला कार्बोलिक सोसत नाही. तिच्यातलं तेल धुऊन जातं, मग ती उलते, आणि उललेल्या जागी परत कार्बोलिक. वर गंधक. वर बिब्बा." त्या डॉक्टर रुपचंदांकडे वळल्या. "एक-दोनदा मलाही दुसऱ्या सुइणींचे असे हात दिसले होते. मी म्हटलं, थंडीने असेल. आणि ब्रश हिच्या हातात मी दिला. त्यामुळे तुम्ही खाली बघू नका."

मग त्यांनी काय करायचं ते सांगितलं, आणि डॉक्टर रुपचंद शाळकरी मुलासारखे ऐकत राहिले. गंधक बंद. लस वाहते आहे तोवर उकळून गार केलेल्या पाण्याच्या ओल्या पट्ट्या. सुकलं की जस्ताचं मलम. दिवसातून पाच-सात वेळा तिळाचं तेल, खाज असो-नसो. राख, साबण, मिरची, कांदा यांना हात नाही. रात्री हातावर जुनं मऊ सुती कापड. आणि हे बरं झालं तरी जात नाही, परत येतं, तेव्हा परत हेच.

"आणि हात पूर्ण भरून येईपर्यंत बाळंतपण करायचं नाही," त्या म्हणाल्या. "एकही नाही."

ताईबाईने विचारलं, "काबरं?"

"उललेला हात कितीही धुतला तरी स्वच्छ होत नाही. चिरांत पू राहतो."

 ताईबाईला उत्तराची भीती होती, तरी तिने विचारलं.  "बाई, मंग केसरले मीच मारं का?"

प्रमिलाबाई लगेच "नाही" म्हणाल्या असत्या तर ताईबाईने विश्वास ठेवला असता. डॉक्टर रुपचंदांनी तोंड उघडलंही होतं. पण प्रमिलाबाई खोटं बोलायच्या नाहीत. "सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. "ताप तुझ्या हातातून गेला असेल. घरातल्या कुणी नंतर हात लावला असेल, कापडातून गेला असेल. मला सांगता येत नाही, आणि कुणालाच येणार नाही."

मोटारने परत येताना ताईबाई धुळीकडे बघत बसली होती. डॉक्टर रुपचंद मधूनमधून काहीतरी बोलायचे, तिला ऐकू जात नव्हतं.

हात बरे व्हायला उन्हाळा उजाडला. तोवर बोलावणी कुठून येणार होती म्हणा. कुंदाबाई म्हातारपणी परत बाळंतपणांना जायला लागली, कारण घरात चूल पेटायला हवी होती. जाताना ती सुनेची पत्र्याची पेटी घेऊन जायची आणि तिच्यासमोर नखं कापून, हात धुऊन निघायची. सूनबाई दारात बसून बघायची.

एक दिवस झुलाल आबा घोड्यावरून आले. ओसरीवर चढले नाहीत, अंगणातच उभे राहिले. डॉक्टर रुपचंदांनी त्यांना इसबाचं सांगितलं होतं.

"महारोग नई, हाई माले समजनं," आबा म्हणाले. "मी दुसरं इचाराले उनू. तुना हातमुळे मनी सून गई का?"

पुना मध्ये पडून काही बोलू लागला. ताईबाईने त्याला थांबवलं. "माले ठाऊक नई, आबा. डॉक्टरीणबाईलेबी ठाऊक नई. गई असी. मी नई म्हनाव नई."

आबा एक पाऊल पुढे आले. तिला वाटलं ते थुंकतील, शिव्या देतील. त्यांनी विचारलं, "पोरीले गायनं दूध पचत नई. काय देवाले पाह्यजे?"

केसरच्या मुलीबद्दल ते विचारत होते. ताईबाईने दूध किती पाणी घालून, कसं उकळून द्यायचं ते सांगितलं. आबांनी ऐकून घेतलं आणि घोड्यावर बसून निघून गेले. ते परत कधी आले नाहीत. त्यांच्या घरच्या बाळंतपणाला ताईबाईला पुन्हा कुणी बोलावलं नाही.

इकडे प्रमिलाबाईंना चैन नव्हतं. पावसाळा सरल्यावर त्यांनी आजवर शिकवलेल्या सगळ्या सुइणींना धुळ्याला बोलावलं. ओळखीने पूर्व खानदेशातल्या, जळगावकडच्याही काही जणी आल्या. काही डॉक्टरही बोलावले, त्यांत रुपचंद होते. सगळ्या बायका सतरंजीवर बसल्या. प्रमिलाबाई म्हणाल्या, "हात दाखवा."

कुणी पदरातून हात काढेना. प्रमिलाबाईंनी दोनदा सांगितलं. शेवटी मागे बसलेली ताईबाई उठली, पुढे आली आणि सगळ्यांसमोर हात धरले. ते बरे झाले होते, पण कातडी अजून जाड होती, जुन्या चिरांचे व्रण होते. "मना असा व्हतात," ती म्हणाली, "आन मी लपाडात."

मग एकेक हात बाहेर आला. जवळपास निम्म्या बायकांची बोटं उललेली. एकीने चिरांत मेण भरलं होतं. एकीने जखमेवर तंबाखू बांधली होती. एक तरुण बाई, साक्रीकडची, हात दाखवताना हुंदके द्यायला लागली. तिच्या नवऱ्याने तिला गोठ्यात निजायला लावलं होतं. प्रमिलाबाई एकेकीचे हात बघत पुढे जात होत्या, आणि डॉक्टर रुपचंद त्यांच्यामागून. 

त्या दिवसापासून शिकवणं बदललं. ताठ ब्रश गेला. कार्बोलिक पातळ झालं. हात धुवायचेच, पण नंतर टिपून तेल लावायचं, घरी गेल्यावरही लावायचं, आणि हात फुटला तर लपवायचा नाही, त्या महिन्याचं काम दुसरीने करायचं. प्रमिलाबाईंनी मुंबईहून रबराचे हातमोजे मागवले आणि ज्यांची कातडी नाजूक त्यांना दिले. आत पातळ सुती मोजे घालून वर ते चढवायचे. डॉक्टर रुपचंदांच्या दवाखान्यात आता खाजेचा रोगी आला की ते त्याला उजेडात बसवायचे, घरात आणखी कुणाला आहे का विचारायचे, लहानपणचं विचारायचे. कंपाउंडरला गंधकाची बरणी विचारल्याशिवाय उघडायची मनाई होती.

मोज्यांनी ताईबाईचं काम परत सुरू झालं. सगळे विसरले नव्हते, पण गरज पडली की लोक विसरल्यासारखं करतात. पुनाच्या दुकानात गिऱ्हाईकं यायला लागली. छगन मोठा झाला. पण ताईबाई पूर्वीची राहिली नव्हती. प्रत्येक बाळंतपणानंतर ती त्या घराभोवती घुटमळत राहायची, काही ना काही निमित्त काढून बाळंतिणीच्या कपाळाला हात लावून बघायची. ताप आला नाही हे पक्कं होईपर्यंत तिच्या घशाखाली घास उतरायचा नाही.

मग लढाई आली. जपानने मलाया घेतला आणि रबर मिळेनासं झालं. मोजे फाटले, ठिगळं लावली, ठिगळंही फाटली. प्रमिलाबाईंनी खूप खटपट केली, मिळाले ते मोठ्या दवाखान्यांना. थंडी पडली आणि ताईबाईच्या बेचक्यांत परत ते पाण्याचे फोड आले.

या वेळी तिने लपवलं नाही. पहिला फोड दिसल्या दिवशी ती डॉक्टर रुपचंदांकडे गेली आणि हात पुढे केले. त्यांनी बघितलं, जस्ताचं मलम दिलं. दोघांनाही पुढचं ठाऊक होतं.

"पुन्हा बरे होतील," ते म्हणाले.

"व्हतीन," ती म्हणाली. "आन पुन्हा फुटतीन. साहेब, मी आते हात लावाव नई."

डॉक्टरांनी समजावलं. बरी कामाची माणसं मिळत नाहीत, मधल्या चांगल्या महिन्यांत तरी कर, असं सांगितलं. ती ऐकेना. त्यानंतर तिने कुठल्याच बाळंतिणीला हात लावला नाही. ती जायची, पण उशाशी बसायची. गल्लीतली कौतिक कोळ्याची सून हाताने काम करायची आणि ताईबाई तिला सांगायची: आता थांब, आता आधार दे, आता दोरा बांध. कौतिकची सून चांगली शिकली. पण एकदा मूल आडवं आलं आणि तिला ते फिरवता येईना, तेव्हा ताईबाई मांडीखाली हात दाबून बसली होती आणि घामाने भिजली होती. ते मूल वाचलं नाही. आई वाचली. ताईबाईने हात घातला असता तर काय झालं असतं, हेही कुणाला सांगता आलं नसतं.

कुंदाबाई त्रेचाळीस साली गेली. पुढे पुनालाही खोकल्याने धरलं आणि तो गेला. छगनला जळगावात काम लागलं, तेव्हा तो आईला तिथल्या मेहरूणला, गावाच्या कडेला, घेऊन आला. दोन खोल्यांचं घर, मागे तलावाकडे जाणारी पायवाट, शेजारी भाजी पिकवणारी माणसं. तिथे कुणालाच माहीत नव्हतं की ही म्हातारी सुईण होती. सून तिला भांडी घासू द्यायची नाही, मिरची कुटू द्यायची नाही. धुणं नाही, कार्बोलिक नाही. वर्षभरात तिचे हात असे मऊ झाले की शेजारची यशोदाबाई एकदा तिचा हात हातात घेऊन म्हणाली, "अक्का, तुमना हात तं बामनीनना शेतस. जलमभर कायी कामच करं नई का?"

ताईबाईने हात काढून घेतला.

संध्याकाळी छगन कामावरून आला तेव्हा ती ओट्यावर बसली होती. त्याने विचारलं, जेवलीस का? ती म्हणाली, भूक नाही. शेजारच्या घरात यशोदाबाईच्या लेकीला कळा सुरू झाल्या होत्या, आवाज इकडे येत होता. कुणीतरी सुईण आणायला गेलं होतं. छगन म्हणाला, "माय, आत चल, थंडी वाजी."

"तू जाय," ती म्हणाली. "पोर रडनं का मंग मी आत ईसू."